उंबऱ्यावर थांबलेली सुईण

लिबेर तुव्नेल मेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला ओब्रेकूरची एकही बाई पुढे आली नाही. पॅरिसमध्ये सम्राटाच्या डोक्यावर मुकुट चढून काही वर्षं झाली होती. गावात पुन्हा जुन्या पद्धतीची प्रार्थना सुरू झाली होती आणि जुनी भांडणं विसरायची अशी सगळ्यांना वरून ताकीद होती. पण लिबेरचं भांडण वरच्यांच्या हुकमाने मिटणारं नव्हतं. शेवटी तिच्या अंगावर पाणी घातलं ते रोज बास्तियाँने, म्हणजे जिला लिबेरने उभ्या आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, तिने.

खरं तर गावातल्या अर्ध्या माणसांना लिबेरनेच, गावच्या सुईणीने, स्वतःच्या हातांनी जगात ओढून आणलं होतं. पण तेही तिने कुणाला सुखाने विसरू दिलं नाही. बैल भलतीकडे हाकणाऱ्या तरण्या गड्याला ती भर रस्त्यात ऐकवायची, "तू पायाकडून आलास तेव्हाच मला कळलं होतं, तुला सरळ वाट काही सापडायची नाही." प्रत्येकाच्या जन्माची एकेक लाजिरवाणी गोष्ट तिने जपून ठेवली होती आणि वेळ साधून ती बाहेर काढायची. लोक हसायचे, आणि आपली पाळी येऊ नये म्हणून तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे.

तिचे हात मात्र वाखाणण्यासारखे होते. बाई थोराड, आवाज पाटलिणीचा, आणि हात एखाद्या पोरीचे, लहान आणि मऊ. कापणीला ती कधी गेली नाही, राखेच्या पाण्यात कपडे धुतले नाहीत. रोज रात्री हातांना डुकराची चरबी चोळायची. आडवं आलेलं मूल आत हात घालून वळवायचं आणि पाय धरून बाहेर काढायचं, हे आर्गोनच्या जंगलाच्या अलीकडे तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. नवरा गाडीवान होता, तो तरुणपणीच गाडीखाली गेला. मागे एकच मुलगी राहिली, उर्स्युल.

ही उर्स्युल आईच्या अगदी उलट निघाली. बोलायची कमी, पण बोलली की खरं तेच बाहेर पडायचं. लहान असताना एका उपासाच्या शुक्रवारी घरात कोबीच्या सूपमध्ये चरबीचा तुकडा पडला होता. रविवारी म्हाताऱ्या पाद्री तिरिएंनी सहज विचारलं, काय गं, काय जेवलीस परवा? पोरीने चरबी सांगितली, आणि आई म्हणाली होती की पाद्रीबाबांना सांगू नकोस, हेही सांगून टाकलं. लिबेरला सगळ्या गावादेखत मेणबत्ती घेऊन देवळाच्या दारात गुडघे टेकावे लागले. घरी आल्यावर तिने पोरीला बदडलं आणि म्हणाली, निदान पोटापुरतं तरी खोटं बोलायला शीक. उर्स्युल ते कधीच शिकली नाही.

आता आमच्याकडे सुईण कशी ठरायची ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. सुईण ना सरकार नेमायचं ना बिशप. गावातल्या लग्न झालेल्या बायका देवळात जमायच्या आणि एकेक जण वेदीपाशी जाऊन मोठ्याने नाव घ्यायची. पॅरिसमध्ये मताचं नाव कुणी काढलं नव्हतं तेव्हापासून ओब्रेकूरच्या बायका मत देत होत्या. आणि पुढे पॅरिसने मतं वाटली ती फक्त पुरुषांना, बायकांकडे राहिली ती सुईणच. निवडून आलेली बाई बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची. गरीब असो श्रीमंत असो, मित्र असो वैरी असो, बोलावणं आलं की उंबऱ्यावर थांबणार नाही. मूल मरायला टेकलं असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर त्याच्या डोक्यावर पाणी ओतून मीच त्याला बाप्तिस्मा देईन, म्हणजे ते पोरकं होऊन कबरस्तानाच्या भिंतीबाहेरच्या काटेरी झुडपांत पुरलं जाणार नाही. आणि याबाबत पाद्रीशी खोटं बोलणार नाही. लिबेरने ही शपथ पाद्री तिरिएंसमोर घेतली होती. तेव्हा सगळ्या बायकांनी तिचंच नाव घेतलं होतं, एकही फुटली नव्हती, हे ती पुढे मरेपर्यंत सांगायची.

मग क्रांतीतलं ते सतराशे एक्याण्णवचं वर्ष उजाडलं. राजधानीतल्या सभेने फर्मान काढलं की प्रत्येक पाद्रीने नव्या कायद्याची शपथ घ्यावी, नाहीतर घर खाली करावं. पाद्री तिरिएंनी घर खाली केलं आणि एका पहाटे गाढवावर पुस्तकं लादून ते सरहद्दीकडे निघून गेले. ईस्टरच्या सुमाराला त्यांच्या जागी ग्रोजाँ नावाचा नवा पाद्री आला. चांभाराचा मुलगा, खांदे पडलेले, आवाज बसका. त्याला जिल्ह्याच्या गावी मतं मोजून निवडलं होतं. लिबेरला मतावर निवडून आलेली सुईण चालत होती, त्यातली एक तर ती स्वतःच होती. पण मतावर निवडलेला पाद्री म्हटला की तिचं डोकं फिरायचं. जत्रेत बैल निवडावा तसा निवडलाय मेल्याला, असं ती त्याच्या खिडकीखाली उभी राहून म्हणायची.

नुसतं बोलून ती थांबली नाही. एकदा पाणी पडलेल्या मुलावर पाद्रीला पुन्हा पाणी ओतता येत नाही, हा धर्माचा पक्का नियम. लिबेरने तोच धरला. ईस्टरनंतर जन्मलेलं प्रत्येक मूल ती घरीच बाप्तिस्मा देऊन मोकळी व्हायची, आणि मग पांढऱ्या कापडात गुंडाळून देवळात न्यायची. ग्रोजाँ चांदीचं भांडं घेऊन उभा. ती म्हणायची, "उशीर झाला हो पाद्रीबाबा. मरायलाच टेकलं होतं. घरीच उरकलं." आणि कापडातलं बाळ, गाल टम्म फुगलेलं, देऊळ दणाणेल असं रडत असायचं. पहिल्यांदा ग्रोजाँने विश्वास ठेवला. पुढे पुढे बायका पदराआड हसायला लागल्या, आणि तो बापडा कोरडं भांडं हातात घेऊन कान लाल होईपर्यंत उभा राहायला लागला. अर्ध्या गावाला याचा फार आनंद झाला. उरलेल्या अर्ध्या गावाने लिबेरला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

त्या उरलेल्या अर्ध्यांचा पुढारी होता तिचाच जावई. दोमिनिक युसाँ गावच्या नव्या कारभारात होता, कमरेला तिरंगी पट्टा बांधून फिरायचा, आणि मठाची जप्त झालेली कुरणं लिलावात निघाली तेव्हा त्यातलं एक त्याने घेतलं होतं. सासू त्याला जावईबापू म्हणायची ते तोंड वाकडं करून. देवाचं गवत खाऊन तुझ्या गाईंना दूध येतंय ना, असं ती चारचौघांत विचारायची. तोही कमी नव्हता. त्याने तिच्या दारासमोरचा शेणाचा ढीग रस्त्यात येतो म्हणून मोजून घेतला आणि मागे सारायला लावला. आमच्या गावात दारासमोरचा ढीग जितका मोठा तितकी घराची इभ्रत मोठी, तेव्हा त्याला हात लावणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

उर्स्युल दोघांच्या मधे सापडली, आणि पोटुशी होती. दोमिनिकने ग्रोजाँला शब्द दिला होता की माझं मूल तुमच्या हातून बाप्तिस्मा घेईल, गावच्या नव्या रक्षकदलाचा ढोल वाजवून. लिबेरने हे ऐकलं आणि म्हणाली, बघू. त्या एका शब्दाने ग्रोजाँचा धीर सुटला. जुन्या पाद्रीसमोर घेतलेली शपथ आता चालणार नाही, सुईणीची निवड नव्याने करावी लागेल, असं त्याने जाहीर केलं.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, दुपारच्या प्रार्थनेनंतर, बायका पुन्हा देवळात जमल्या. समोर उभी होती रोज बास्तियाँ, एका विणकराची बायको. ती व्हर्डनला जाऊन सरकारी शिक्षण घेऊन आली होती. तिथे कापडाची बाई आणि कापडाचं बाळ करून बाळंतपण शिकवायचे. लिबेर त्यावरून तिला बाहुलीवाली म्हणायची. एकेक बाई वेदीपाशी जाऊन नाव घेत होती, आणि दोन्ही बाजू बरोबरीने चालल्या होत्या. सगळ्यांत शेवटी उर्स्युल उठली, कारण तिला चालणं जड झालं होतं. लिबेर तोवर जिंकल्यासारखी खांबाला टेकून उभी होती.

उर्स्युल वेदीपाशी गेली आणि म्हणाली, "रोज बास्तियाँ."

देवळाच्या पायरीवर लिबेरने तिला गाठलं. सगळं गाव होतं. तिने हातही उगारला नाही, आवाजही चढवला नाही. "तुझी वेळ येईल तेव्हा त्या कापडाच्या बाहुलीला बोलाव," ती म्हणाली. "माझ्या दारात यायचं नाही."

"आई, तू दर वेळी खोटं बोललीस," उर्स्युल म्हणाली. "त्या बाळंतपणांना मी तुझ्याबरोबर होते. त्यातलं एकही पोर मरायला टेकलं नव्हतं."

लिबेरला त्या दिवशी सुईणपण गेल्याचं जितकं लागलं त्याहून हे जास्त लागलं. कारण ते खरं होतं, आणि आता सगळ्यांनी ते तिच्याच पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकलं होतं.

मग जूनमधली ती सकाळ आली. रात्रभर गावोगावच्या धोक्याच्या घंटा वाजत होत्या. कुणी म्हणे ऑस्ट्रियाचं सैन्य आलं, कुणी म्हणे दरोडेखोर. उजाडता उजाडता कळलं की राजाच पळून चालला होता, आणि जंगलापलीकडे व्हारेनमध्ये त्याला बग्गीसकट अडवलंय. गावातले पुरुष विळे, दाताळी, असेल ती बंदूक घेऊन निघाले. त्यांच्यापुढे ग्रोजाँ झगा खोचून चालत होता. दोमिनिकही निघालाच होता. त्याने गणवेशाचा कोट चढवला, आणि आतून उर्स्युलची किंकाळी आली.

नवी सुईण रोज बास्तियाँ लगेच पोचली. तिने तपासलं आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं, आणि एक हात बाहेर आला होता. बाहुलीवर ती हे शिकली होती. पण बाहुली कळा देत नाही आणि आवळून धरत नाही. तिने दोनदा प्रयत्न केला. मग लाज न धरता दोमिनिकला म्हणाली, सासूबाईंना घेऊन या, हे त्यांच्याच हातचं काम आहे. एवढा मोठेपणा त्या दिवशी गावात फक्त तिनेच दाखवला.

दोमिनिक धावत गेला. लिबेर अंगणात डुकराला कोंडा घालत होती. तो काही बोलायच्या आतच तिने पातेलं खाली ठेवलं, चरबीची बरणी उचलली आणि निघाली. रस्त्याने ती त्याच्यापुढे चालत होती. तिथवर ती चांगली सुईण होती, असंच म्हणायला हवं.

दारात मात्र तिला रोज बास्तियाँ दिसली, तिच्या जागी, कमरेला फडकं बांधलेली. आणि भिंतीवर दोमिनिकचा तिरंगी पट्टा खिळ्याला लटकत होता. लिबेर उंबऱ्यावर थांबली.

"आधी ही घराबाहेर जाईल," ती म्हणाली.

रोजने फडकं सोडलं आणि ती लिबेरच्या बाजूने बाहेर पडली. दोमिनिकने हात जोडून आत जायला सांगितलं. पण लिबेरच्या मनात पेंटेकॉस्टचा रविवार होता, देवळाची पायरी होती, मागे सारलेला शेणाचा ढीग होता. तिने दोन्ही हात चौकटीला लावले. मूल ग्रोजाँकडे जाणार नाही, पाणी मी ओतेन, आणि तू हे आत्ता शपथेवर सांग, असं ती म्हणाली. दोमिनिकने शब्द दिला होता, सगळ्या रक्षकदलासमोर. तो म्हणाला, आधी मूल तर काढा, मग बघू. ती म्हणाली, बघू हा माझा शब्द आहे, तुला तो वापरता येणार नाही. तो तिला भुताळी म्हणाला. ती त्याला देवाचं गवत चोरणारा म्हणाली. एकमेकांना काय काय म्हणायचं राहिलं होतं ते सगळं त्यांनी त्या दारात म्हणून घेतलं. चुलीवरचं कोबीचं सूप उतू गेलं, मग आटलं, मग पातेल्याच्या बुडाला लागून करपलं, आणि त्याचा वास घरभर झाला तरी कुणी पातेलं उतरवलं नाही. आत उर्स्युल आधी आईला हाक मारत होती. मग नुसतीच ओरडत होती. मग ओरडायचीही थांबली.

ती शांतता ऐकून दोमिनिक मोडला. घ्या शपथ, घ्या काय हवं ते, असं म्हणत तो बाहेर भिंतीपाशी बसला. लिबेर आत गेली.

हात चरबीने माखून तिने काम केलं, आणि तसं काम तिच्याखेरीज कुणालाच जमलं नसतं. मूल वळलं, पाय हाताला लागले, बाहेर आलं. मुलगा होता. अंग निळंकाळं पडलेलं. नाळेत ठोका होता, पण बारीक, थांबून थांबून. तिने पाठीवर थोपटलं, तोंडात बोट घातलं, दारूचा बोळा नाकाशी धरला. त्याने एकदा आवाज केला, मांजराच्या पिल्लाएवढा. लिबेरने तांब्या ओढला आणि पाणी ओतलं, आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. ईस्टरपासून तिने कितीतरी वेळा हे केलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची खरी गरज होती. पाणी पुसायच्या आत मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरुष परत आले, उन्हाने भाजलेले, आलुबुखाराची दारू प्यालेले, गाणी म्हणत. राजाची बग्गी पॅरिसकडे वळवली होती, आणि ओब्रेकूरमधल्या प्रत्येकाने म्हणे तिच्या चाकाला हात लावला होता. आजही आमच्याकडे तो दिवस सांगतात तो बग्गीचाच सांगतात. युसाँच्या घरात टेबलावर सुताराने केलेली लहानशी पेटी होती, आणि तिच्याकडे यायला कुणाला सवड नव्हती.

तिसऱ्या सकाळी ग्रोजाँ आला. उर्स्युल आतल्या खोलीत पलंगावर होती, दार उघडं होतं. पेटी सुईणीने काखेत घेऊन कबरस्तानात न्यायची अशी रीत. लिबेर ती उचलून उंबऱ्यावर उभी होती, आणि माझ्या हाताने जन्मलं ते माझ्याच हाताने जाईल, असं तिने आधीच बजावलं होतं. अंगणात रोज बास्तियाँ होती, सात-आठ बायका होत्या.

ग्रोजाँने विचारलं, बाप्तिस्मा झाला होता का. लिबेर म्हणाली, झाला. मूल तेव्हा जिवंत होतं का. होतं, पण मरायला टेकलं होतं. आणि हे शब्द तोंडातून निघताच अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"लिबेरबाई," ग्रोजाँ बसक्या आवाजात म्हणाला, "हेच तुम्ही मला प्रत्येक पोराच्या वेळी सांगितलंत. ती पोरं आज आयांच्या अंगावर पिताहेत. आता तुमच्या शब्दावर मी कबरस्तानाच्या भिंतीचं दार कसं उघडू? मेल्यावर पाणी ओतलं असेल, तर तो बाप्तिस्मा नाही."

लिबेरजवळ शिव्या पुष्कळ होत्या, पण एकही कामाची नव्हती. दोमिनिक बाहेर होता, त्याने काही ऐकलं नव्हतं. रोजला तिनेच घालवलं होतं. खोलीत होती ती फक्त उर्स्युल, आणि उर्स्युल दोन दिवस तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिने एक 'नाही' म्हटलं असतं, तर आई जन्माची खोटी ठरली असती. पण नातू काटेरी झुडपांत गेला असता, नावाशिवाय. लिबेर मुलीकडे पाहत राहिली. जिला खोटं बोलता येत नाही म्हणून तिने मारलं होतं, तिच्याकडून तिला आता खरं तेच हवं होतं.

ग्रोजाँ दारातूनच म्हणाला, "उर्स्युल, पाणी पडलं तेव्हा तो जिवंत होता?"

"होता," उर्स्युल म्हणाली. "त्याने आवाज केला. मी ऐकला."

ग्रोजाँने मान हलवली. भिंतीच्या आत खड्डा घ्यायला त्याने माणसाला खूण केली. आपली पोरगी ती आपलीच, असं काहीतरी लिबेरच्या मनात आलं.

उर्स्युलचं संपलं नव्हतं. तिने कोपरावर भार देऊन मान उचलली. "आई दारात आली तेव्हाही होता," ती म्हणाली. "लाथा मारत होता. ती उंबऱ्यावर अटी घालत होती तेव्हाही मारत होता. सूप करपल्याचा वास आला तोवर मारत होता. मग थांबला." आणि ग्रोजाँकडे वळून ती म्हणाली, "पेटी रोजला नेऊ दे, पाद्रीबाबा."

रोज पुढे आली आणि तिने हात पसरले. लिबेरने पेटी तिच्या हातात दिली आणि तिला जाता यावं म्हणून उंबऱ्यावरून बाजूला झाली.